पाण्याकडे निघालेल्या बायका

अण्णा,

तुमचा फोटो आमच्या घरात कुठेही लावलेला नाही. भाऊ अधूनमधून फोनवर विचारतो, फ्रेम करून पाठवू का, आणि मी सांगते की इथे भिंतीत खिळा ठोकायला घरमालकाची परवानगी लागते. हे खोटं आहे. इथे परदेशात, क्वेकर्स हिलमधलं हे घर आमचं स्वतःचं आहे आणि भिंतींवर भरपूर खिळे आहेत. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावरचा राग काळाबरोबर निवतो. निवला असेलही. पण मला तुमच्याबद्दल जे वाटतं त्याला राग म्हणणं म्हणजे तुमचा मान वाढवणं आहे. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

भिवंडीच्या प्रोसेस हाउसमध्ये, कापड रंगवून छापायच्या कारखान्यात, तुम्ही डिझाइन मास्तर होतात. आई पाहुण्यांना सांगायची, "हे आर्टिस्ट आहेत," आणि तुम्ही संकोच वाटल्यासारखे मान खाली घालून हसायचात. कसले आर्टिस्ट! परदेशी मासिकातली फुलं, दुसऱ्या गिरणीच्या साडीचा काठ, कुणाच्या तरी पडद्यावरची वेल, सगळं ट्रेसिंग पेपरखाली सरकवायचं, एखादी पाकळी इकडची तिकडे करायची आणि खाली स्वतःची झोकदार सही ठोकायची. त्या सहीवर मात्र तुमची मेहनत खरी होती. ती तुम्ही कुणाची ढापली नव्हती.

जव्हारचा तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. कारखान्यातल्या एका वारली कामगाराच्या घरी लग्न होतं आणि तुम्ही मला बरोबर नेलं होतंत. मला अजून ती झोपडी दिसते. गेरूने सारवलेली भिंत, आणि त्या भिंतीपुढे बसलेली एक बाई बांबूच्या काडीने भिंतीवर तांदळाच्या पिठाचा लग्नचौक काढते आहे. बाजूला बायका गात आहेत. चौकाच्या मधोमध देवी आहे आणि बाई तिथे आली की तिचा हात मंद होतो, ती गाणं ऐकते आणि मग पुढची रेघ ओढते. तुम्ही तिच्या पाठीमागे बसून भराभर कागदावर उतरवून घेत होतात. तिने वळून विचारलं, "हे कशाला काढून नेतोस, दादा?" आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "पोरीला शाळेत दाखवायचंय." ती हसली. तिने माझ्या हातात काडी दिली आणि कडेला एक झाड काढू दिलं. तिचं नाव तुम्ही विचारलं नाहीत. थापेसाठी मात्र मी कामी आले.

मग ती चादर आली. गडद तपकिरी जमीन, पांढरा चौक, आणि देवी बरोबर मध्यभागी, म्हणजे झोपणाऱ्याच्या कमरेखाली. चादर खूप खपली. शेठनी खूश होऊन तुम्हाला ऑफिसात बोलावलं, तुम्ही मला नवा फ्रॉक घालून घेऊन गेलात. शेठ म्हणाले, "मास्तर, डोकं काय चालवलंय तुम्ही!" मी म्हणाले, "हे जव्हारच्या काकूंनी काढलंय." माझ्या दंडाला धरून तुम्ही असं काही पिळलंत की शेठना दिसलं नाही आणि मला ओरडता आलं नाही. वर हसून म्हणालात, "पोरं काहीही बोलतात." घरी आल्यावर आईने ती चादर स्वयंपाकघरात उजेडाला धरून पाहिली. तव्यावर भाकरी करपायला लागली तरी पाहतच राहिली. "अहो, ही देवी ना? हिच्यावर झोपायचं?" तुम्ही ताटावर बसत म्हणालात, "भिंतीवरच्या चित्राला मालक नसतो. आणि एकदा छापलं की तिथे देवही राहत नाही. वाढ." आईने वाढलं. तिनेही तुम्हाला कधी काही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल तीही माझ्या मनातून थोडी उतरली.

तुमच्याच धंद्यात मी पडले. गेल्या वर्षीपर्यंत रोज ट्रेनने पॅरामॅटाला जात होते, एका लहानशा कंपनीत. इथे हौशी बायका क्विल्ट शिवतात, आपल्या गोधडीचाच प्रकार, आणि त्यांच्यासाठी आम्ही सुती कापड छापायचो. त्यातलं सगळ्यात मागणी असलेलं कापड म्हणजे इथल्या मूळच्या, ॲबोरिजिनल चित्रकारांच्या चित्रांचं. चित्रकाराशी करार करायचा, मूळ चित्रावरून कापडभर पुन्हा पुन्हा येईल असा नमुना बसवायचा, तो चित्रकाराला दाखवायचा, आणि मग कापडाच्या काठावरच्या पांढऱ्या पट्टीवर चित्रकाराचं आणि चित्राचं नाव छापायचं. नमुना बसवण्याचं काम माझं. पहिल्यांदा ती पट्टी पाहिली तेव्हा मला तुमची झोकदार सही आठवली आणि मी ऑफिसात एकटीच हसले.

आमचा मॅनेजर पुण्याचा. माझ्याहून बराच लहान, हुशार, प्रत्येक वाक्यात एकदा 'नो वरीज' म्हणणारा. मला ताई म्हणायचा. एका चित्रात पावसानंतर पाण्याच्या डोहाकडे निघालेल्या बायका होत्या. वरून पाहिल्यासारखं चित्र, बाई म्हणजे जमिनीवर बसल्याची अर्धगोल खूण, शेजारी कंद खणायची काठी, आणि मागे ठिपक्याठिपक्यांची वाट. मी बसवलेला नमुना याने परस्पर बदलला. अर्धा भाग आरशात पाहिल्यासारखा उलटा केला, म्हणजे शिवताना दोन्ही बाजूंनी सारखं दिसेल. मधली मोकळी जागाही ठिपक्यांनी भरून टाकली. मी म्हटलं, हे चित्र काढणाऱ्या बाईंना विचारायला हवं. "अगं ताई, गोधडीच तर शिवणार आहेत. तुकडेच करणार ना शेवटी?"

चित्रकार बाई वाळवंटातल्या आपल्या गावाहून भाचीला घेऊन आल्या. सगळे त्यांना आन्टी म्हणत होते, तिकडे वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात, आपल्यासारखं. मोठ्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या, जगभर प्रदर्शनं झालेल्या बाई. त्यांनी टेबलावरचा छापील नमुना पाहिला आणि खो खो हसल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, "या इथल्या बायका पाण्याकडे पाठ करून कुठे निघाल्यात? मरतील ना."

मॅनेजरने तेच तुकड्यांचं सांगितलं. आन्टी म्हणाल्या, "कापा की. कात्री मला माहीत आहे. पण ताग्यावर असताना त्या पाण्याकडेच जातील. आणि हे बघ, या चित्रामागच्या गोष्टीतला जेवढा भाग मी कापडाला दिलाय तेवढाच छापायचा. बाकीचा आमच्या बायकांचा. तू मधली जागा भरून टाकलीयेस, ती भरायची नव्हती." त्याने नो वरीज म्हटलं आणि तो कॉफी मागवायला उठला.

तो गेल्यावर आन्टींनी मला विचारलं, "तुला हे काम कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. वारले ते."

"मग नाव नाही विचारत त्यांचं," त्या हळू म्हणाल्या. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, मागच्यांना दुखवू नये म्हणून. काय नशीब बघा तुमचं, अण्णा. ज्या माणसाने जन्मात कुणाला नाव विचारलं नाही, त्याचं नाव एका बाईने आदराने टाळलं.

मॅनेजर परत आला, खुर्चीत बसला, आणि आन्टींकडे बघून गोड हसत माझ्याशी मराठीत बोलायला लागला. चेहऱ्यावर असं काही, जणू कॉफीत साखर किती ते विचारतोय. "हिला काय म्हणायचं ते म्हणू दे, ताई. आपण मान डोलवू. ही गेली की तूच एक डिझाइन काढ ना, ठिपके तर आहेत. ठिपके काय हिच्या बापाचे आहेत? नाव द्यायचं 'डेझर्ट' म्हणून, कोण विचारतंय."

अण्णा, तो तुमच्याच आवाजात बोलत होता. तेच लाघवी हसू, तोच आतला कोडगेपणा, आणि तीच खात्री की आपल्या भाषेतलं माणूस आपल्याच बाजूचं असणार. मी चष्मा काढून पुसला. मग आन्टींकडे वळले आणि त्याने म्हटलेलं सगळं, शब्द न् शब्द, इंग्रजीत सांगितलं. 'हिच्या बापाचे' हेसुद्धा.

भाचीने तोंडावर हात ठेवला. मॅनेजर म्हणाला, "शी इज जोकिंग." आन्टींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "आणि तू काढणार आहेस?"

"नाही."

"बरं." त्यांनी नमुन्याची नीट घडी केली, पिशवीत टाकली, आणि भाचीला म्हणाल्या, "चल, आपल्याला ट्रेन गाठायची आहे." कॉफी तशीच राहिली. दारातून वळून मॅनेजरला म्हणाल्या, "ठिपके माझ्या आजीचे आहेत. तू बापाचं विचारलंस म्हणून सांगितलं."

माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही हे वेगळं सांगायला नको. मॅनेजर अजून तिथेच आहे आणि मजेत आहे, तुम्हीही शेवटपर्यंत मजेत होतात. अशा माणसांचं काही बिघडत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर हे म्हणाले, "मनात ठेवायचं होतंस. ट्रान्सलेट कशाला केलंस? आपलाच माणूस होता." मी म्हटलं, "म्हणूनच." इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनाही कळलं. त्यांचं म्हणणं, मी मराठी पोराला गोत्यात आणलं. त्यातली एक 'किती ट्रायबल ना!' म्हणत ठिपक्यांच्या स्वस्त उशांची जोडी घेऊन आली आहे, त्यांच्यावर कुणाचंच नाव नाही. तिच्याकडे चहा प्यायले तेव्हा मी त्या उशीला टेकले नाही. तिला ते दिसलं. दिसू दे.

आता मी घराजवळच्या क्राफ्टच्या दुकानात कापड कापते. गेल्या आठवड्यात आन्टींचं कापड दुकानात आलं, दुसऱ्या कुणीतरी छापलेलं. मी तागा टेबलावर पसरला. सगळ्या बायका पाण्याकडे चालल्या होत्या, मधली जागा मोकळी होती, आणि काठावर आन्टींचं नाव होतं. पहिल्याच गिऱ्हाइकाने सांगितलं, "ती पांढरी पट्टी कापून टाक, मला लागणार नाही." मी म्हटलं, "घरी जाऊन तुम्हीच कापा." ती पट्टीसकट कापड घेऊन गेली.

मग कापड खिडकीपाशी नेलं आणि मला दिसलं की लाल रंग फसलाय. जमिनीचा लाल, पण थोडा जास्त तपकिरीकडे झुकलेला, मेल्यासारखा. कुठे चुकलंय ते मला कळेना. निळं जास्त पडलं होतं की पिवळं कमी, मी बराच वेळ वाकून बघत होते. तुम्ही असतात तर दारातूनच सांगितलं असतंत. नुसत्या डोळ्याने, जसं कारखान्यात अंगठ्यावर रंगाचा एक थेंब घेऊन सांगायचात. ते मात्र तुम्ही कुणाचं चोरलं नव्हतं, आणि ते मला दिलंही नाहीत.

लेक आत्ता येऊन गेली. "हू आर यू रायटिंग टू, मम?" मी म्हटलं, कुणाला नाही. "ओके," म्हणाली आणि फ्रिज उघडून उभी राहिली. हे पत्र कुठे पाठवायचं तसंही नाही, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही ते वाचून हसला असतात, आणि खरं सांगायचं तर मला तुम्हाला फक्त त्या लालाबद्दल विचारायचं होतं.