थेल्मा ऑर्मरॉडची शेवटची हरकत

मी, थेल्मा ऑर्मरॉड, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा नळजोडणी व बॉयलरदुरुस्ती (निवृत्त), राहणार स्केलब्रिज, कालव्याकाठचे जुने धुलाईघर, वरचा मजला, सध्या मुक्काम इस्पितळ, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल पहिल्या दिवशी थोडा गैरसमज झाला होता. डॉक्टरांनी विचारले, "पंतप्रधान कोण?" मी म्हटले, "ते पदच मला मान्य नाही." त्यांनी कागदावर 'गोंधळलेली' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी वॉर्डातला गळका नळ मी पलंगावर बसून, फक्त बोलून, त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतला, तेव्हा तो शब्द खोडण्यात आला. कोणी मला धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. लावली असती तर मी उलटेच लिहिले असते, हे मला ओळखणारे सांगतील.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. ज्या बाईने चव्वेचाळीस वर्षे 'मालमत्ता म्हणजे चोरी' असे फलक रंगवले, तिने मृत्युपत्र कसले करायचे? पण माझ्याकडे मालमत्ता आहे. ती कशी आली हे आधी सांगणे भाग आहे.

कलम एक. धुलाईघराविषयी.

हे नगरपालिकेचे सार्वजनिक धुलाईघर. घरोघरी यंत्रे आली, तसे ते ओस पडले. एकोणऐंशी साली आम्ही बारा जणांनी त्याचे कुलूप तोडून आत मुक्काम ठोकला. आम्ही म्हणजे ॲगडेन खोऱ्याचा मोकळा संघ: राज्य नको, मालक नको, पुढारी नको म्हणणारे अराजकवादी. नळ मी जोडले. स्वयंपाकघर सुरू झाले, सायकलदुरुस्ती सुरू झाली, भाडेकरूंना घराबाहेर काढायला माणसे आली की दारात उभी राहणारी फळी तयार झाली. तेरा वर्षे नगरपालिकेने आम्हाला हुसकायचा प्रयत्न केला आणि शेवटी कंटाळून कळवले की इमारत तुम्हीच घ्या, फक्त कागदावर एक नाव द्या.

एक नाव! या दोन शब्दांवर सात सभा झाल्या. आमच्यात मतदान नसते, एकमत असते, आणि एकाने जरी हरकत घेतली तरी विषय पडतो. बर्नर्ड सग्डनने प्रत्येक नावाला हरकत घेतली. बर्नर्ड म्हणजे छापखान्यात काम करणारा, लाल दाढीचा, आणि त्या वेळी माझ्याच खोलीत राहणारा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी आठवी सभा चालू असताना मी तळघरात बॉयलरचे पाणी काढत होते. वर आले तर सगळे टाळ्या वाजवत होते.

"थेल्मा, तू मालक झालीस," बर्नर्ड म्हणाला.

"कोणी ठरवलं?"

"सगळ्यांनी. एकमतानं."

"मी तर खाली होते!"

"म्हणून तर एकमत झालं."

अशा रीतीने मी मालकीण झाले. त्यानंतर चार महिन्यांनी, त्याच बर्नर्डने भर सभेत उभे राहून सांगितले की मालकिणीच्या पलंगावर झोपणे त्याच्या तत्त्वात बसत नाही. अकरा वर्षांचा संसार होता. त्याने गादी डोक्यावर घेतली, कालव्याचा पूल ओलांडला आणि समोरच्या इमारतीत खोली घेतली. ती खोली भाड्याची होती. तिच्या मालकाच्या पलंगाबद्दल त्याची काही हरकत नव्हती. पुढची तेवीस वर्षे तो मला 'जमीनदारीणबाई' म्हणत असे. मी हे विसरलेले नाही. या कागदाचा उपयोग विसरण्यासाठी करायचा माझा विचारही नाही.

कलम दोन. बॉयलर.

बॉयलर हा इमारतीचा भाग आहे, परंतु त्याचे कलम स्वतंत्र ठेवत आहे, कारण माझ्यामागे तुम्ही त्याच्याशी चर्चा कराल. करू नये. दाबाचा काटा दीडच्या वर गेला की कोणाचे काय मत आहे हे विचारत बसू नये, डावीकडची पितळी चावी उघडावी.

कलम तीन. हत्यारे.

दोन्ही पाइपपाने, सोल्डरची बत्ती आणि वाकलेला पेचकस (तो वाकलेलाच हवा, कोणी सरळ केला तर मी परत येईन) गुरुवारच्या दुरुस्तीगटाला. उसने नेणाऱ्याने नाव लिहावे. हो, वहीत. नाव लिहिणे म्हणजे हुकूमशाही, हा वाद मी चौऱ्याऐंशी साली जिंकलेला आहे.

बँकेत जे थोडे असेल ते स्वयंपाकघराच्या वाटाण्या-बटाट्यांसाठी.

कलम चार. माझा भाचा क्लाइव्ह याजविषयी.

क्लाइव्ह माझ्या भावाचा मुलगा, एकमेव वारस, घरांच्या खरेदीविक्रीचा धंदा करतो. मी इस्पितळात आल्यावर तो द्राक्षे घेऊन आला. "आत्या, तू काही काळजी करू नकोस," तो म्हणाला. मी करत नव्हते. मग दुसऱ्या दिवशी बर्नर्ड आला. तो रोज दुपारी येतो, थर्मासमध्ये वाटाण्याचे सूप घेऊन, आणि ते खारट असते.

"तुझा भाचा आला होता धुलाईघरात," तो म्हणाला. "टेप घेऊन. भिंती मोजत होता. नऊ फ्लॅट निघतात म्हणे, कालव्याच्या बाजूला बाल्कनी."

"मग तू काय केलंस?"

"सभा बोलावली."

"आणि?"

"एकमत नाही झालं. दोघांचं म्हणणं पडलं, भिंत मोजायचा हक्क प्रत्येकाला आहे."

"आणि तो मोजत असताना?"

"टेपचं दुसरं टोक कोणीतरी धरलं होतं," बर्नर्ड सुपाकडे बघत म्हणाला. "त्याला एकट्याला जमत नव्हतं ना."

म्हणजे मी कागद न करता मेले, तर धुलाईघर क्लाइव्हचे. कायद्याने, सरळ. तळमजल्यावर रोज साठ माणसे जेवतात, त्यांत निम्मी अशी की त्यांना दुसरीकडे कोणी नावाने हाक मारत नाही. ती बाल्कनीतून दिसणार नाहीत.

क्लाइव्हला मी माझे भिंतीवरचे घड्याळ देते. बाकी काही नाही. मुलगा वाईट नाही. फक्त त्याला कुठलीही भिंत दिसली की पलीकडे गिऱ्हाईक दिसते.

कलम पाच. वारसा कोणाला.

मी वकील बोलावली. नाझनीन मलिक, वय तीस, हिची आजी आमच्याकडे सोमवारी भाजी चिरायला येत असे. ती म्हणाली, "बाई, 'सगळ्यांना' असं लिहिता येत नाही. 'सगळे' ही कायद्यात व्यक्ती नाही."

"मग कोण आहे व्यक्ती?"

"सहकारी संस्था चालेल. तिला घर द्या. जे वापरतात ते सभासद. कोणी विकू शकणार नाही, असा नियम घालू."

"छान."

"फक्त सचिव लागेल. एक माणूस, नाव, पत्ता, सही. दरवर्षी अहवाल पाठवायचा. आणि इतिवृत्त ठेवायचं."

मी एवढी हसले की नर्स धावत आली.

तेव्हा माझी इच्छा अशी: धुलाईघर, त्याची जमीन आणि गळणारे छप्पर या संस्थेला द्यावे. संस्थेचा पहिला सचिव बर्नर्ड सग्डन असेल. ज्याने आयुष्यात एकही पद घेतले नाही, खुर्ची दिसली तरी जमिनीवर बसला, तो. त्याने तीस दिवसांत स्वीकृतीची सही केली नाही, तर घर क्लाइव्हला जाईल, बाल्कन्यांसकट. या कलमावर हरकत घेता येणार नाही. मी सभेत नसेन, आणि माझ्या गैरहजेरीत एकमत होते हे तुम्हीच मला शिकवले आहे.

हे वाचले जाईल तेव्हा बर्नर्डचा चेहरा बघायला मी नसेन. या मरणात मला खटकते ते एवढेच.

कोणी याला सूड म्हणेल. आहेच. पण सगळाच सूड नाही, म्हणून पुढचे लिहिते. आठ वर्षांपूर्वी डिसेंबरात नदी आणि कालवा एक झाले. सकाळी नऊला बाजारात छातीभर पाणी होते; धुलाईघर उंचवट्यावर, तिथे ते फक्त तळघरात शिरले. त्या दिवशी आमच्यात सभा झाली नाही. कोणी कोणाला विचारले नाही. मी चुली पेटवल्या, कोणी गाद्या वर नेल्या, कोणी दारे काढून त्यांचे तराफे केले. साडेतीनशे माणसे आमच्याकडे जेवली, त्यांत नगराध्यक्षही, आणि त्याने भांडी घासली. बर्नर्ड तळघरात कमरेइतक्या गार पाण्यात पाच तास बॉयलरची चावी धरून उभा होता. मी वरून ओरडून सांगत होते आणि तो ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा. चव्वेचाळीस वर्षे आम्ही ज्याच्यावर पत्रके काढली, ते त्या चार दिवसांत झाले, आणि इतिवृत्त लिहायचे कोणालाच सुचले नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तो माझ्या पलंगावर बुटांसकट झोपला. उठल्यावर मी विचारले, "तत्त्वात बसलं का?"

"बूट काढायला हवे होते," तो म्हणाला.

माफी म्हणून मी तेवढे धरून घेतले. तो परत राहायला आला नाही, मीही बोलावले नाही. आम्ही दोघे मूर्ख. 'जमीनदारीणबाई' मात्र त्यानंतर त्याच्या तोंडून निघालेले नाही.

कलम सहा. अंत्यविधी.

पाद्री नको. भाषणे तीन-तीन मिनिटांची. पेटी कोणी कोणत्या बाजूने धरायची यावर उपसमिती नेमू नये. जवळ असेल त्याने उचलावी. बर्नर्डला शेवटी बोलू द्यावे आणि घड्याळ लावू नये.

साक्षीदारांविषयी.

ज्याला यातून काही मिळते तो साक्षीदार चालत नाही, असे नाझनीनने सांगितले. धुलाईघर सगळ्यांना मिळत असल्यामुळे माझ्या ओळखीचे एकही माणूस उरले नाही. तेव्हा पहिली साक्षीदार या वॉर्डाची नर्स. दुसरा साक्षीदार शेजारच्या वॉर्डात गुडघा बदलून पडलेला आर्थर हेपवर्थ, निवृत्त हवालदार. यांनी मला निदर्शनांत अकरा वेळा पकडले आणि अकरा वेळा मी त्यांना वेगवेगळे नाव सांगितले. चाकाच्या खुर्चीतून आले. चष्मा लावून शेवटच्या पानावर वाकले.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "मी खाली सही करतोय. या वेळी तरी खरं नाव लिहिलंयत ना?"

लिहिले आहे, हवालदारसाहेब.

सही: थेल्मा ऑर्मरॉड

वरील सही आम्हा दोघांच्या समक्ष, दुपारी अडीच वाजता, बाईंनी हसत हसत केली.

१. पॅट्रिशिया डनफी, परिचारिका
२. आर्थर हेपवर्थ, पोलीस हवालदार (निवृत्त). ओळख पटली.

ठिकाण: इस्पितळ, वॉर्ड चार, खिडकीजवळचा पलंग
तारीख: मंगळवार, १४ नोव्हेंबर २०२३