आबांच्या दुखण्यातलं दूध

जळगाव, १२ जानेवारी १९५४

तीर्थरूप आबांस,

हे पत्र तुमच्या हाती द्यायचा मला धीर होणार नाही, तरी लिहिते.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात तुम्ही जन्मलात, कापसाच्या धंद्यात नाव कमावलंत आणि उभा जन्म शाकाहाराचा प्रचार केलात. आज आत्मचरित्र सांगताना म्हणालात, "लिही धुरपदा, विषमज्वरातून मी नुसत्या दुधावर उठलो."

आबा, त्या दुधात अंडं असायचं. डॉक्टरांनीच बजावलं होतं. आपल्या जिनिंग कारखान्यातल्या हाशमची बायको आबेदा रोज गुपचूप अंडं आणायची आणि टरफलं परत न्यायची.

तीच टरफलं तुम्हाला त्यांच्या खोलीमागे दिसली. आवारात हे चालत नाही म्हणून तुम्ही हाशमला कामावरून काढलंत. मी दारातच उभी होते आणि गप्प राहिले.

निघताना आबेदा म्हणाली, "अक्का, शेठना सांगू नका. आत्ता कुठे उठलेत, त्यांना सोसायचं नाही." मग लेकरं घेऊन ती चाळीसगावच्या गाडीत बसली.

मी सांगितलं नाही. आज तर तुमचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि वर तुम्हाला वाचूनही दाखवलं.

तुमची अपराधी लेक,
धुरपदा