भरणारी आणि तपासणारी

२ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! सामानवाल्यांनी कपाट दोनदा दारात अडकवलं आणि दोन्ही वेळा माझ्याकडे असं बघितलं, जसं काही दार मीच मुद्दाम अरुंद बांधून घेतलंय. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. लेक सकाळपासून राबत होती. जाताना शेगडीवर चिठ्ठी चिकटवून गेली, गॅस बंद केला का म्हणून. मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण चिठ्ठी काढली नाही. ह्यांना जाऊन आठ महिने झाले, तिलाही तिच्या परीनं काळजी असणारच. तळमजल्यावर एक शिंपी आहे, बोलका आहे. त्यानं जिन्यात पिशवी घेतली माझी. घर आवडलं मला. हात लागला की आणखी छान होईल.

५ तारीख, गुरुवार

हल्ली विसरते म्हणून लेक डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीहून लहान. मला घड्याळ काढायला लावलं, काट्यांसकट. मग पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले. तीन विसरले. लेक पर्सची चेन लावत-उघडत बसली.

बाई म्हणाल्या, की मन फार दुःखात असलं तरी असं होतं, आणि विसरण्याच्या आजाराची सुरुवातही अशीच दिसते. आज लगेच सांगता येणार नाही. डिप्रेशनची गोळी सुरू करू, रोज एक, आणि सहा आठवड्यांनी परत परीक्षा घेऊ. रोज चार ओळी लिहीत राहा, असंही म्हणाल्या. परीक्षेत सुधारणा दिसली नाही, तर आपण देखरेखीचं एखादं चांगलं घर बघू, असं लेक गाडीत म्हणाली. आपण म्हणे! राहायचंय मला, आणि बघायचं आपण. मी सरळ सांगितलं, मला तिथं जायचं नाही.

ही परीक्षा मला पास व्हायचीय.

६ तारीख, शुक्रवार

चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या औषधखिडकीत काढली मी. तिथला नियम: एकीनं डबीत औषध भरायचं, दुसरीनं तपासायचं, दोन सह्या झाल्याशिवाय गोळी खिडकीबाहेर जाणार नाही. आमच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की तपासणारीनं भरणारीला ओळखायचं नाही. मैत्रीण असो की सख्खी बहीण. ही बाई चुकलेली आहे असं धरूनच डबी उघडायची.

आता इथं दुसरी बाई कुठून आणू? म्हणून दोन्ही मीच. सकाळी मी भरणारी: सात खणांच्या डबीतल्या त्या-त्या वाराच्या खणात गोळी टाकायची, वहीत निळ्या पेनानं सही. दुपारी तीनला मी तपासणारी: समोरच्या खुर्चीत बसायचं, चष्मा पुसायचा, सकाळची बाई कोण होती ते मनातून साफ काढून टाकायचं, लाल पेनानं सही. मग गोळी घ्यायची. लेकीला फोनवर सांगितलं तर हसली. म्हणाली, आई, एका गोळीसाठी? एका गोळीसाठीच तर नियम असतात.

१५ तारीख, रविवार

लेक येणार होती. जमलं नाही. पाच वाजता तिचा फोन येतो, चार मिनिटं चालतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवू का. ठेव बाई.

ह्यांचे सहा शर्ट आणलेत मी बरोबर. आज एक नाकाला लावला, तर वासच गेला होता. धुतलेला नाही, काही नाही, आपोआप गेला. डबी भरता भरता खूप रडले. एकटं असलं की रडणंसुद्धा किती मोठ्यानं ऐकू येतं.

दुपारी तपासणारीनं सहीशेजारी शेरा मारला: गोळी बरोबर, झाकण ओलं. काय खडूस बाई आहे! मलाच हसू फुटलं.

२३ तारीख, सोमवार

बरं वाटतंय. झोप लागते. आज वहीत लाल पेनानं लिहिलेलं दिसलं, की शिंप्याकडे पडदे टाकलेत, मंगळवारी आणायचे. मी साफ विसरले होते. तिच्या लक्षात राहिलं. मला राहत नाही ते तिला राहतं, गंमत आहे की नाही? तीन वाजायची मी आता वाटच बघते. चहा दोन कप टाकते. वेडेपणा आहे, कळतं मला. पण दिवसभरात बोलायला येतं कोण इथं?

३० तारीख, सोमवार

अडीच वाजता कपडे वाळत घालून आले तर लाल सही झालेली. गोळी घेतलेली. तिच्या बाजूचा कप रिकामा, बुडाशी अजून गरम.

जिन्यात शिंपी भेटला. म्हणाला, काल तुम्ही काय हसवलंत हो, पोट दुखलं. अर्धा तास गप्पा मारल्यात म्हणे. काल मी खाली उतरलेच नव्हते. वर येऊन डायरीत बघितलं, तर कालचं पानच लिहिलेलं नाही.

४ तारीख, शनिवार

लाल शेरा: भरणारी रडते. कामात अडथळा. कारण काढून टाकले.

कपाट उघडलं. ह्यांचे शर्ट नाहीत. धावत खाली गेले. शिंपी म्हणाला, तुम्हीच दिलेत की, पुसायला फडकी करा म्हणालात. कापून झाले होते. सहाही.

मी मेले तरी दिले नसते. मी नाही दिले.

८ तारीख, बुधवार

लेकीला सगळं सांगायचं ठरवलं. पाचला फोन वाजला. उचलायला गेले आणि एकदम सहा वाजून दहा मिनिटं. रिसीव्हर जागेवर. मीच परत लावला फोन. ती म्हणाली, आई, आज किती दिवसांनी पहिल्यासारखी बोललीस! तासभर! मी म्हटलं, ती मी नव्हते गं. तर म्हणाली, तू पण ना. हसली. किती खुश होती. पुढं मला काही बोलवलंच नाही.

११ तारीख, शनिवार

लाल पेन काल कचऱ्यात टाकलं. आज शेरा निळ्यात. माझ्याच अक्षरात—

भरणारी विचारते, मला ओळखत नाहीस का. ओळखायचं नसतं. ती चुकलेली आहे.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. काय सांगायचं होतं तेच आठवेना. नुसती रिसीव्हर धरून बसले. त्या हॅलो हॅलो म्हणत राहिल्या.

दिवस लहान झालेत. सकाळ तेवढी माझी. नऊला असते, दहाला असते, मग—

१६ तारीख, गुरुवार

परीक्षा. पाचही शब्द. घड्याळ झकास. शंभरातून सात-सात वजा, एकही चूक नाही. खुर्चीत तपासणारी बोलत होती, मी वजनकाट्याजवळ उभी. एक शब्द मला बोलता आला नाही. माझं तोंड तिच्या ताब्यात.

बाई म्हणाल्या, दुःखच होतं ते, सुटलं. लेक रडायला लागली. खुर्चीतलीला घट्ट मिठी मारली तिनं, किती वेळ. नऊ महिने मी त्या मिठीची—

मलाही भरून आलं होतं. कुणी बघितलं नाही.

१७ तारीख, शुक्रवार

लेक न्यायला आलीय. देखरेखीच्या घरात नाही. स्वतःच्या घरी. आई, आता माझ्याकडेच राहा म्हणाली. हेच हवं होतं मला, हेच—

बॅगा जिन्यात गेल्या. मी टेबलाशी. लिहितेय म्हणजे आहे. हाक मारते, आवाज येत नाही. अगं, इकडे. इकडे बघ ना गं राणी—

दारात दोघी, लेक आणि तपासणारी. लेकीनं विचारलं, आत काही राहिलं का. ती वळली. माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. म्हणाली, नाही, काही नाही राहिलं.

किल्ली फिरते. मी आहे ना. अगं मी—