कापूस भरलेले बूट

ओडील ताई,

"माझा भाऊ मोठ्या बुटांत कापूस कोंबून मिरवतो, एकदा त्याचे पाय बघ गं," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. एवढ्या लहान पायांसाठी झोकदार मर्दानी बूट आपल्या बाकोंगो वस्तीत मिळतातच कुठे? आणि पोरांचे बूट घालून तो मित्रांत जाणार नाही.

आज तुमच्या प्रॉस्पेरचा मोजा काढला, तर रक्ताने भिजलेला आणि अंगठा काळानिळा! वर हा मलाच विचारतो, "अगं, किंचाळतेस कशाला?" त्याला काही दुखतच नव्हतं, ताई. साखरेने पाय बधिर झालाय. बाळाला घेऊन त्याच्यासोबत दवाखान्यात चाललेय.

बाबांचेही पाय तसेच इवले, बूट तसेच, आणि साखरही आहे. ते मागच्या खोलीत झोपलेत. नको म्हणाले तरी त्यांचे मोजे काढून बघा.

सिल्वी