एकाच रोपाची खाडी

प्रिय पपा,

तुम्हाला आणि ममाला गालावर दोन-दोन पापे. हॅलिफॅक्सला थंडी पडली आहे, पण माझी खोली उबदार आहे. तुमचा गुडघा कसा आहे? खरं सांगा, मी ममालाही विचारणार आहे.

तुम्ही होडीतून फिरून समुद्री गवताच्या चाळीस जुड्या पाठवल्यात, त्यांची आमच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली. गवत हिरवंगार आहे. पण चाळीसही जुड्या एकाच रोपाच्या निघाल्या. मुळं पसरत पसरत एकच रोप खाडीभर झालंय. एखादा रोग आला तर सगळं एकदम जाईल. मग मासे कुठे वाढायचे?

खाडीच्या तोंडावरच्या बंधाऱ्यामुळे बाहेरचं बी आत येत नाही. तुम्ही तरुणपणी त्या बंधाऱ्यावर दगड टाकलेत. तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मनाला लावून घेऊ नका.

बंधाऱ्यापलीकडे मात्र वेगवेगळ्या वाणाचं गवत आहे. तिथली रोपं आणून लावायला हवीत, आणि तो पलीकडचा भाग ओरेलकाकांइतका कुणालाच माहीत नाही. तुम्ही दोघं भाऊ अकरा वर्षं बोलत नाही, म्हणून मीच त्यांना फोन केला. रागावू नका.

काका म्हणाले, "गवत काढून देतो, होडीही देतो. पण मागायला तुझा बाप आला पाहिजे."

मी खूप विनवलं, ते ऐकेनात. फोन ठेवताना म्हणाले, "त्याचा खोकला थांबला का गं? रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावरून ऐकतो मी."

तुम्हाला खोकला कधीपासून आहे, पपा?

तुमचीच,
ओडील