पंधरा इंची बॉक्स

२५ सप्टेंबर १९९६

स्पीकर जळाला. गणपतीच्या कार्यक्रमात, तिसऱ्या गाण्याला. आधी फडफड, मग जळका वास, मग काहीच नाही! मी पडद्यामागं बसून बेस गिटारच्या तारा ओढतेय आणि बॉक्स मुका. गाणं मात्र चालूच राहिलं. लोक नाचत होते.

कार्यक्रम संपल्यावर ऑर्केस्ट्राचे मालक नारायणराव मागं आले. त्यांना पत्ताच नव्हता. "कधी गेला?" म्हणाले. पुढच्या भोंग्यांच्या आवाजात कळलं नसेल.

मी पहिल्यापासून पडद्यामागंच बसते. आमची बहुतेक कामं लग्नाची, हळदीची. विधवा बाई स्टेजवर दिसली की घरच्या बायका कुजबुजतात. नारायणराव तोंडानं कधी बोलले नाहीत. मीच आपली मागं जाऊन बसले, ती बसलेच.

२७ सप्टेंबर

जोतीराम रेडिओवाल्याकडं हातगाडीवरून सगळं नेलं. त्यानं बॉक्सचं तोंड उघडलं, आत बोट घातलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं.

"वयनी, कॉइल जळालीया. कागद बी फाटलाय. ह्यात आता काय ऱ्हायलं न्हाई."

"आणि अँप्लिफायर?"

"त्यो ठणठणीत हाय. दादांनी सोत्ता बांधलेला त्यो. आपल्या दोगास्नी पोचवून मग जाईल!"

दादा म्हणजे हे. पलटणीच्या बँडमध्ये बेस गिटार शिकले, पेन्शनीत आल्यावर नारायणरावांच्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागले. हे जाऊन साडेतीन वर्षं झाली. जोतीराम अजून ते कुठंतरी बाहेरगावी गेल्यासारखं बोलतो. बरं वाटतं.

२९ सप्टेंबर

नारायणराव घरी आले. चहा अर्धा होईपर्यंत पावसावर बोलले. मग मुद्द्यावर.

"वहिनी, नवा स्पीकर कशाला? बाळासोंनी नवा कीबोर्ड घेतलाय. डाव्या हातानं एक बोट दाबलं की बेस वाजतो त्यात."

"आणि मी?"

"तुम्ही आमच्या घरच्याच आहात."

हे काही उत्तर नव्हे. मी म्हटलं, स्पीकरचं माझं मी बघते, जागा माझी ठेवा. त्यांनी उरलेला चहा संपवला. शेवटी म्हणाले, "तुळशीचं लग्न झालं की फलटणचं काम आहे. तोवर काय ते करा. नाहीतर मग बाळासोंचा डावा हात आहेच."

३ ऑक्टोबर

वाचनालयातून विजेवरचं पुस्तक आणलं. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं सगळं असंच आणून वाचलेलं. वॉट कळलं. ओहमला दोन दिवस लागले. आठ ओहमचे दोन बॉक्स शेजारी शेजारी जोडले की मला वाटायचं सोळा होतात. नाही – चार! बॉक्स वाढले की ओझं अँप्लिफायरवर वाढतं आणि आकडा मात्र उतरतो. पानावर चित्र काढून बघितलं तेव्हा पटलं.

यांना विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. नाहीतर म्हणाले असते, "तू वाजव, जोडायचं मी बघतो."

६ ऑक्टोबर

जोतीराम म्हणतो, दोन बारा इंची टाकून प्लायवूडचा बॉक्स मी बांधून देतो. त्याच्याकडचा एक ऐकला. गाण्याला चांगला. खर्जाला नाही. खालच्या तारेला भांडं बडवल्यासारखा आवाज. त्याला तसं सांगितलं. "आवं वयनी, तुमचा कान लय तिखट झालाय!" म्हणून हसला. मग त्यानंच सांगलीच्या दुकानाचा पत्ता दिला.

८ ऑक्टोबर

काल सांगलीला जाऊन आले. मुक्काम कुंडलला, माहेरी. इथं आज लिहितेय, कारण काल लिहायची इच्छा झाली नाही.

गिटार घेऊन एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे लगेज की माणूस?" मी दोघांचंही तिकीट काढलं.

दुकानात पोरगेलासा मालक, धवल नाव. "काकू, कुणासाठी? मुलासाठी का?" म्हटलं, माझ्यासाठी. तो हसला नाही. त्यानं तीन वस्तू दाखवल्या. पहिली, अँप्लिफायर वेगळा आणि त्याला चार-चार ओहमचे दोन बॉक्स. मी चष्मा लावून मागची पट्टी वाचली – चारच्या खाली जोडू नये. "दोन जोडले तर दोन होतील की हो," म्हटलं. तो पट्टीपाशी वाकला. मग म्हणाला, "काकू, हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं." दुसरी वस्तू लहान, घरात वाजवायची. तिसरी – एकाच पेटीत अँप्लिफायर आणि पंधरा इंची स्पीकर. कोल्हापूरच्या कुणीतरी विकायला ठेवलेली, पण चांगली राखलेली.

त्या पेटीत वायर घातली आणि नेहमीचं हळदीचं गाणं वाजवलं.

हे कोण वाजवतंय, असं झालं मला. प्रत्येक बोट वेगळं ऐकू येत होतं. तार पट्टीवर आपटल्याचा आवाज, उशिरा पोचलेलं बोट, सगळं. धवलला म्हटलं, आवाज खराब आहे याचा.

त्यानं माझ्या डाव्या हाताकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "आवाज नाही काकू. बोट. अंतऱ्यात तिसरी जागा चुकतेय. परत वाजवा बघू."

परत वाजवलं. चुकतच होती. साडेतीन वर्षं मी ते गाणं असंच वाजवत आलेय! पेटी घेतली नाही. उठले.

कुंडलला दादासो, माझा धाकटा भाऊ, गिटार बघून म्हणाला, "आक्का, आता बास कर की. शेतावर ये. उसाला तुझ्या गाण्याची गोडी लागंल." बाकीचे हसले. मी पण हसले.

११ ऑक्टोबर

घरचा अँप्लिफायर जोतीरामच्या दुकानी नेला आणि त्याच्या स्पीकरला जोडायला लावला. यांनी ट्रेबलच्या, म्हणजे आवाजाची धार वाढवायच्या, बटनावर चिकटपट्टी मारून ठेवली होती. शून्यावर. "हे हलवायचं नाही" एवढंच सांगितलेलं. मला वाटायचं, खर्जाला तसंच लागत असेल. आज पट्टी काढली. बटन मधोमध आणलं. सांगलीत ऐकलं तेच – सगळ्या चुका उघड. परत शून्यावर आणलं. सगळं गोड, गोल, गोधडीखालून आल्यासारखं.

जोतीराम मान खाली घालून वायर गुंडाळत बसला.

म्हणजे यांना ठाऊक होतं.

१२ ऑक्टोबर

राग आला. दिवसभर होता.

१४ ऑक्टोबर

राग गेला नाही, पण आठवलं. पक्षाघात झाला तेव्हा यांचा उजवा हात गेला. तार ओढायचा हात. पहिले सहा महिने आम्ही एकच गिटार दोघांत वाजवायचो. पट्टीवर दाबायचा डावा हात यांचा, ओढायचा उजवा माझा. स्वयंपाकघरात, पाटावर बसून. मी चुकायचेच नाही! चुकणार कशी, बोटं त्यांची होती. मग यांनी अंथरूण धरल्यावर सगळं एकटीनं शिकावं लागलं. डावा हात माझा कच्चा राहिला. शिकवायला त्यांच्याकडं वेळ नव्हता. वेळ नव्हता म्हणून चिकटपट्टी.

माझ्या तोंडावर सांगितलं असतं तरी चाललं असतं.

२० ऑक्टोबर

खंडेनवमी. गिटारला झेंडूचं फूल वाहिलं. आज वाजवायचं नाही. आज पहिल्यांदाच हात शिवशिवले.

२२ ऑक्टोबर

ठरलं. सांगलीची पंधरा इंचीच. चुका ऐकू आल्या नाहीत तर सुधारू कशा?

२९ ऑक्टोबर

पेटी आली. एसटीच्या टपावर, गोणपाटात बांधून. धवलनं स्टँडपर्यंत येऊन स्वतः चढवली. पेटीबरोबरचं माहितीपत्रक दिलं, आणि अंतऱ्याची तिसरी जागा कागदावर लिहून दिली. "काळी दोनच्या सुरावरनं धराल तर बोट लांबवावं लागणार नाही," म्हणाला. वयानं माझ्या मुलासारखा – मुलगा असता तर.

५ नोव्हेंबर

सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. बोटाला घट्टे होते तिथंच परत फोड आले. शेजारच्या सुलाबाई भिंतीवर थाप मारून म्हणतात, "अहो, तेच तेच काय वाजवताय? पुढं जा की!" पुढं जायला येत नाही म्हणून तर तेच तेच.

१० नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. तिसरी जागा बसली. सलग अकरा वेळा.

१७ नोव्हेंबर

तालीम. नारायणराव कानाला हात लावून म्हणाले, "वहिनी, नव्या स्पीकरमध्ये काहीतरी गडबड आहे."

म्हटलं, "स्पीकरमध्ये नाही, माझ्यात आहे. दोन गाण्यांत. फलटणपर्यंत जाईल."

दुसरं – माहितीपत्रकात लिहिलंय, पेटीच्या मागं पंखा आहे, मागची हवा अडवू नये. पडद्यामागं भिंत नाहीतर कनात असते. तिथं ती चालणार नाही. मी बाहेर बसणार. पुढं नाही, बाजूला. बाळासोंच्या शेजारी.

नारायणराव म्हणाले, "लग्नघर आहे वहिनी..." मग एकदम, "बाळासोंच्या शेजारी नको. त्या बाजूला बसा, ड्रमकडं."

"ड्रमच्या धक्क्यानं पेटी हलेल."

बाळासो कीबोर्डवरचं कापड दुमडत होते. दुमडलेलंच परत दुमडत होते.

२ डिसेंबर

काल फलटण. लिहायचंच आहे, म्हणून क्रमानं लिहिते.

मी बाजूला बसले. नवरदेवाकडच्या दोघीतिघींनी बघितलं, कपाळाकडं बघितलं, मग जेवायला गेल्या. आभाळ कोसळलं नाही. अंतरा आला, तिसरी जागा स्वच्छ. पाचव्या गाण्यात माझी वायर निसटली. सबंध एक ओळ मी वाजवलीच नाही. आणि समोरच्या भोंग्यांतून खर्ज येतच होता! माझाच सूर, माझ्याच जागा.

शेजारी बघितलं. बाळासोंचा डावा हात चालला होता.

सामान भरताना विचारलं, "कधीपासून?"

बाळासोंनी घाम पुसला. मग म्हणाले, "वयनी, पहिल्यापासून. जुन्या कीबोर्डावर बी. दवाखान्यात दादांनी माझा हात धरलावता. म्हणाले, तिची जागा सुटली तर तू धर, पर तिला कळू देऊ नगंस."

"नारायणरावांना?"

"समद्यांस्नी ठावं हाय."

म्हणजे माझा बॉक्स जळाला त्या दिवशी गाणं थांबलं नाही, ते म्हणून. म्हणजे साडेतीन वर्षं मी वाजवलं काय, न वाजवलं काय. सगळे मला सांभाळून घेत होते. मी एकटीच त्याला काम समजून जात होते.



४ डिसेंबर

नारायणरावांकडं गेले. उभ्या उभ्याच सांगितलं – बाळासोंनी खर्जावरचा डावा हात उचलायचा. पूर्ण. चुकले तर लोकांना ऐकू दे. नाही जमलं तर मी माझ्या पायांनी घरी जाईन, तुम्ही सांगायला यायचं नाही.

ते म्हणाले, "दादांना शब्द दिलाय आम्ही."

"तो शब्द त्यांनी मागितला, मी नाही. त्यांना मी नंतर बघते."

बाळासो तिथंच होते. "वयनी, आन् चुकलात तर? म्हसवडचं गिऱ्हाईक लय कडक हाय."

"तर कळेल."

नारायणराव म्हणाले, "एक कार्यक्रम. मग बोलू."

९ डिसेंबर

म्हसवड. बाळासोंचा डावा हात सबंध वेळ मांडीवर. चौथ्या गाण्यात माझं बोट घसरलं, आणि पहिल्या रांगेतला एक फेटेवाला म्हातारा नाचणाऱ्या पोरांमधून मान वाकडी करून थेट माझ्याकडं बघू लागला. त्याला माझी चूक ऐकू गेली!