सर्व कामगार बाहेर आल्याचे स्पष्ट करण्यात आले

महाल, नागपूर
बुधवार, सकाळ

प्रिय मार्तंड,

काल तू आलास आणि येताना संत्र्यांची करंडी घेऊन आलास. नागपुरात राहणाऱ्या बाईकडे मुंबईचा माणूस संत्री घेऊन येतो, तिथेच मला शंका यायला हवी होती. आलीही, पण मी ती चहाबरोबर गिळली. दरवर्षी थंडी पडली की अख्खं सरकार फायली आणि मफलर घेऊन अधिवेशनाला इथे उतरतं. सरकारसोबत त्याचा माहिती अधिकारी म्हणून तूही येतोस, आणि तू आल्याचं मला कळतं ते आमच्या दैनिकाच्या टेबलावर पडलेल्या पत्रकांच्या भाषेवरून. इतक्या वर्षांत तुला या घराची वाट सापडली नव्हती. काल अचानक सापडली. आईनं तुला ओळखलं, ‘अगं बाई, हा तर तोच’ एवढं म्हणाली आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. ती रागावली, असं तुला वाटलं असेल. रागावलेली आहेच, पण ती आत का बसून राहिली त्याचं कारण वेगळं होतं. ते पुढे सांगते.

तू छान बोललास. जुन्या दिवसांच्या गोष्टी काढल्यास. आपण दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून टेलिप्रिंटरचं इंग्रजी मराठीत ओढत होतो, ते दिवस. आपले तेव्हाचे वृत्तसंपादक नानाजी, त्यांची नक्कल तुला अजून येते, हे पाहून बरं वाटलं. मात्र त्यांचं मुख्य काम तू नकलेतून वगळलंस. ते क्रियापदं वाटत असत. बोलण्याला इंग्रजीत किती शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दाचा दर्जा कसा ठरलेला आहे, हे मला त्यांनीच शिकवलं. मंत्री ‘रिव्हील’ करतात, म्हणजे जणू पडदा बाजूला सारून मूर्ती दाखवतात. सचिव ‘क्लॅरिफाय’ करतात, म्हणजे गढूळपणा आपल्याच डोळ्यांत होता. युनियनवाला ‘अ‍ॅलेज’ करतो, आणि फाटक्या लुगड्यातली बाई काहीही बोलली तरी ‘क्लेम’ करते, जशी काही ती बिचारी कोणाच्या प्लॉटवर हक्क सांगायला आलीय. नानाजी तंबाखू चोळत म्हणायचे, ‘मंत्र्याले शिंक आली तरी सूतोवाच केलं म्हून लिहा, बापा. युनियनले आरोप द्या. अन् वं सिंधू, बाई रडत आली असन तं तिले नुसतं म्हणे लावून टाक, जागा वाचते.’ तू पोट धरून हसायचास. मीही हसायचे. तेव्हा आपल्याला ती गंमत वाटायची. तू मुंबईला गेलास आणि त्या गमतीचीच नोकरी केलीस.

इकडे आमचा वाचक मात्र तुम्हा सगळ्यांपेक्षा हुशार निघाला. रॉकेलचा साठा मुबलक असल्याची ग्वाही सरकारनं दिली, अशी ओळ सकाळी छापून आली की आमची आई चहा अर्धा टाकून डबा शोधायला लागते. मागच्या उन्हाळ्यात साखरेच्या टंचाईचा तुम्ही ‘ठाम इन्कार’ केलात, तर दुपारी गल्लीत साखर औषधालाही उरली नाही. आणीबाणीत तर ‘परिस्थिती पूर्ववत आहे’ असं वाचून लोक मुलांना शाळेतून घरी आणत. तुझ्या खात्यानं एवढ्या कष्टानं लिहिलेलं लोक उलटं धरून वाचतात, याचं तुला कधी वाईट वाटतं का रे?

आता सोमवारचं. सावनेरकडच्या त्या खाणीत पाणी शिरलं. संध्याकाळी सभागृहात निवेदन झालं, आणि टेलिप्रिंटरवर इंग्रजी उतरलं ते असं: पाळीवरचे सर्व कामगार सुखरूप बाहेर काढण्यात आल्याचं सरकारनं ‘क्लॅरिफाय’ केलं. खाली एक ओळ शेपटासारखी जोडलेली: आपला नवरा आत असल्याचं एका बाईनं ‘क्लेम’ केलं. मी ते वाचत असतानाच ती बाई आमच्या कचेरीच्या जिन्यात उभी होती. तिचं नाव रुख्माबाई. मूळची उमरेडची, विणकरांच्या घरातली. हातमाग बंद पडले तसा नवरा, लहानू, ठेकेदाराच्या माणसांत खाणीवर लागला. ती माझ्याशी अगदी हळू बोलली, आरडाओरडा नाही. म्हणाली, ‘सायेब लोक म्हणतात, घरी गेला असन. मी त्याईले म्हटलं, त्याच्या चपला खाणीच्या तोंडाशीच पडल्या हायेत. माणूस घरी जाते तं अनवाणी काहून जाईन? तं म्हणे, पिऊन कुठी पडला असन. बाई, त्यानं माळ घातली, तो पेतच नाही.’

मी हे लिहून काढलं, आणि खाली कोणतं क्रियापद लावायचं तिथे येऊन माझा हात थांबला. आमचे संपादक ईश्वरदासजी चष्म्यावरून बघत राहिले. शेवटी मंगळवारच्या अंकात सरकारला ‘स्पष्ट केलं’ मिळालं नाही, आणि बाईला ‘दावा’ मिळाला नाही. दोघंही नुसते ‘म्हणाले’. एवढ्यानं तुझ्या गोटात गडबड उडाली असावी, कारण दुपारी तू करंडी घेऊन दारात.

आता आठव. तीन वेळा तू विषय तिकडे नेलास. पहिल्यांदा म्हणालास, तुमच्या पेपरची भाषा हल्ली फारच रोखठोक झाली बुवा. मग म्हणालास, अशा बायकांच्या मागे कोणीतरी असतं, सिंधू, जरा जपून. तिसऱ्यांदा मी सरळ विचारलं, की मार्तंड, सगळे बाहेर आले हे तुला कोणी सांगितलं? तू कप खाली ठेवलास. ‘सगळे म्हणजे हजेरीपटावरचे सगळे गं. ठेकेदाराची माणसं हजेरीपटावर कुठं असतात? निवेदन चूक नाहीये.’ आणि हसलास. शब्द नीट बसला की पूर्वी हसायचास, तसाच.

त्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराआड आई रुख्माबाईपाशी बसली होती. खाणीवर ती एकटीच बसून राहिली असती, म्हणून मी तिला घरी आणलं होतं. मध्ये नुसता पडदा आहे, हे तू विसरलास. तू गेल्यावर रुख्माबाई बाहेर आली आणि तुझ्या उष्ट्या कपाकडे बघत तिनं मला विचारलं, ‘ह्या सायबाले ठाऊक हाये तं मग पंप काहून बंद करून राहिले वं?’

पंपांचं तुला माहीत नसेल, असं मी धरून चालते. माझ्या स्वभावाला ते जड जातं, तरी धरते. आत कोणी नाही असं सभागृहात सांगून झालं आहे, तेव्हा वीज कशाला जाळायची, म्हणून आज संध्याकाळी ते बंद होणार आहेत. खाणीवरच्या इंजिनिअरला काल युनियनचे रामाजी भेटले. तो म्हणाला, मला वरून त्या निवेदनाचा कागद आहे, दुसरा कागद आणा किंवा ज्यानं हा लिहिला त्याला आणा. तो कोणी लिहिला, ते मला तुझ्या कालच्या हसण्यातच कळलं. पाणी थोडं उतरलं आहे. आत एका अंगाला चढ आहे, तिथे माणूस चढून बसू शकतो, असं रुख्माबाई म्हणते. मला खाणीतलं काही कळत नाही. पण सरकार म्हणतं आणि ती म्हणते, यातलं कोणाचंही म्हणणं तपासायला उपसा चालू ठेवावा लागतो, एवढं कळतं.

म्हणून हे पत्र. जुनं काही उकरायला लिहिलेलं नाही. तेव्हा आपल्या लग्नाचं तू ‘आईशी बोलतो’ म्हणाला होतास, त्याचा मी कधीच पाठपुरावा केला नाही. आमच्या कचेरीचा शिपाई हे तुझ्या हातात देईल. तुझ्या दाराशी सरकारी जीप उभी असते. दुपारी दोनपर्यंत ती माझ्या दाराशी आणशील, तर रुख्माबाई, मी आणि तू सावनेरला जाऊ, आणि काल चहा पिताना जे बोललास तेच तू त्या इंजिनिअरसमोर बोल. नाही आलास तर आम्ही दोघी एस.टी.नं निघतो. बातमी मी लिहून कंपोझिंगला दिली आहे. तीत ‘सरकारी सूत्रे’ नाहीत, ‘असे समजते’ नाही. तुझं वाक्य आहे, तुझं पूर्ण नाव आहे, आणि पुढे ‘म्हणाले’. ते आता बदलणार नाही. फक्त कुठे म्हणाले, त्याची जागा मी कोरी ठेवली आहे: महालातल्या एका घरी, की खाणीच्या तोंडाशी.

तुझीच, निदान दोन वाजेपर्यंत,
सिंधू